उसने तास

विषयभत्त्याची घोषणा केयूरभाईंनी पडद्यावर केली. नेरूळच्या आमच्या सागरदीप विद्यालयाचे ते नवे सचिव. जुने सचिव त्यांचे वडील. गणित, विज्ञान आणि इंग्रजीच्या शिक्षकांना पगारावर दरमहा भत्ता मिळणार होता, कारण हे लोक क्लासवाल्यांकडे पळून जातात. बाकीचे कुठेच पळून जात नाहीत, हे संस्थेने अभ्यास करून शोधून काढलं होतं. पडद्यावर एक गोल होता. त्यात गणिताला केशरी तुकडा, विज्ञानाला निळा, आणि चित्रकला, संगीत, पीटी, इतिहास, मराठी या सगळ्यांना मिळून एक बारीकशी राखाडी फाक.

"हा ग्रे फार मळकट आलाय," चित्रकलेच्या शरीफा मुकादम मिस म्हणाल्या. त्या सभेत एवढीच हरकत नोंदवली गेली.

दुसरी हरकत दुपारी स्टाफरूममध्ये, शिक्षक संघटनेच्या बैठकीत आली. संघटनेचे अध्यक्ष सुधीर लेले सर. विषय गणित. म्हणजे भत्ता मिळणाऱ्यांत पहिलं नाव त्यांचंच. माणूस सरळ, त्यामुळे पंचाईत झाली. "सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही," असं ते ठणकावून म्हणाले, आणि मग घरी काय सांगायचं या विचारात बराच वेळ बसून राहिले.

आधी आम्ही काळ्या फिती लावल्या. शरीफा मिसनी त्या इतक्या सुबक कापल्या होत्या, की कोणीतरी गेलं असा संस्थेचा समज झाला. प्रार्थनेनंतर दोन मिनिटं शांतता पाळून शाळा अर्ध्या दिवसात सोडण्यात आली. परत कधी लावणार, म्हणून मुलं विचारत होती. संप करावा, तर दहावीची सगळी मुलं क्लासला जातात; शाळा बंद आहे हे पालकांना कळायलाच आठवडा गेला असता.

मग पीटीचे पंढरी भोईर सर बोलले. ते उलव्याच्या जुन्या गावातले. एरवी बोलत नाहीत, तोंडात शिट्टी असते. "आपन तास देयाचा बंद करू," ते म्हणाले.

सगळ्यांनी हातातले कप खाली ठेवले. ज्यांनी शाळेत कधी नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळीनंतर पीटी, चित्रकला आणि संगीताचे तास वेळापत्रकात असतात, प्रत्यक्षात नसतात. गणिताचे सर दारात येतात, "जरा हा तास द्या ना, पोर्शन राहिलाय," म्हणतात आणि तास घेऊन जातात. उसना. असा तास परत केल्याचं उदाहरण आमच्या ऐकिवात नाही.

ठराव एकमताने झाला. लेले सरांचाही हात वर होता. अध्यक्षांचा हात सवयीने वर जातो.

आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात सोमवारी आलं. दहावीची त्रिकोणमिती अजून सुरूच झाली नव्हती. ती पंढरी सरांच्या तासांवर करायची, हे त्यांनी जूनमध्येच ठरवून टाकलं होतं. आणि लेले सरांच्या हाताखालून बोर्डात गणितात नापास झालेला मुलगा अजून जन्माला यायचा होता. तो याच वर्षी जन्माला येणार, अशी चिन्हं दिसू लागली. सर मैदानावर गेले.

"पंढरी, एक तास दे."

"ठराव झालाय ना, सर."

"अरे, मी गणिताचा शिक्षक म्हणून मागतोय."

"मंग अध्यक्षांना इचारून या."

"अध्यक्ष मीच आहे!"

"मंग तर लगेच होल. इचारा."

लेले सरांनी प्रामाणिकपणे क्षणभर विचार केला. "नाही म्हणतायत," ते म्हणाले आणि परत फिरले.

पंढरी सरांचंही काही खरं नव्हतं. दिवाळीनंतर शिकवायची त्यांची सवय मोडली होती. मैदानावर दहावीचा वर्ग त्यांच्याकडे बघत उभा, आणि ते वर्गाकडे बघत.

"पला," ते म्हणाले.

"कुठे, सर?" पार्थ नावाच्या मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता. शेवटी सरांनी फक्की मागवली, खो-खोचं मैदान आखलं आणि मुलांना बसवलं. पहिल्या आठवड्यात निम्मा वर्ग धापा टाकत कडेला बसायचा, सर त्यांच्या आधी. पण नंतर रंग भरला. श्रुती नावाच्या मुलीच्या तोंडून वर्षभर आम्ही 'प्रेझेंट' एवढाच शब्द ऐकला होता. ती आता असा काही खो द्यायची, की ऑफिसातले क्लार्क चुकून उठून उभे राहायचे.

पालकसभेत गडबड झाली. पार्थच्या आई, वैशालीताई, काळजीत होत्या. "सर, हा साडेनऊला झोपतो हो. हातात मोबाइल, मोबाइल चालू, आणि हा झोपलेला! डॉक्टरला दाखवू का?" बाकीच्यांना त्रिकोणमितीची काळजी होती. ती त्यांनी केयूरभाईंना मोठ्या आवाजात कळवली.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. भत्ता सगळ्या विषयांना, सारखा. अट एकच: तास पूर्वीसारखे गणिताला द्यायचे. म्हणजे पीटी न शिकवण्याबद्दल पीटीच्या शिक्षकाला भत्ता.

स्टाफरूममध्ये आनंद झाला. मला अट ताबडतोब मान्य होती. मी इतिहासाचा, आमचे तास कोणी उसने मागत नाही.

"भत्ता पायजे," पंढरी सर म्हणाले. "पन तास नाय देनार. पोरा आता कुठं पलायला लागलीत."

"भोईर सर, आता ताणू नका हो," मागून कोणीतरी कळवळून म्हणालं.

सगळे लेले सरांकडे बघू लागले. त्यांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर भत्ताही होता, तासही होते आणि निकालही होता. त्यांनी चहा संपवला. चांगला रेंगाळत संपवला.

"चला," मला म्हणाले, "ऑफिसात."

"अट काढा," त्यांनी आत गेल्या गेल्या केयूरभाईंना सांगितलं.

"पण सर, तास तर तुम्हालाच पाहिजेत!"

"गणिताचा शिक्षक म्हणून मी तुमच्याच बाजूचा आहे. आत्ता अध्यक्ष म्हणून आलोय."

"मग गणिताच्या शिक्षकांना पाठवा ना! त्यांच्याशी बोलतो मी."

"त्यांना वेळ नाही. पोर्शन राहिलाय."

केयूरभाईंनी कपाळ चोळलं. "अरे, पण मग टाइम आणायचा कुठून? आहे का शाळेत एक्स्ट्रा टाइम?"

"शनिवारी आहे," लेले सर म्हणाले.

मी खाली बघितलं. शनिवारचे पहिले दोन तास अख्खी शाळा हॉलमध्ये बसते आणि केयूरभाई कानाला माइक लावून 'जिंका!' या विषयावर बोलतात.

"मुलांना आवडतं ते," केयूरभाई हळू आवाजात म्हणाले. ते खरंच होतं. हॉलला एसी आहे.

"मला दोन्ही तास हवेत."

"सर, असं करा. भत्ता घ्या. सगळ्यांना. अट नाही, काही नाही, आत्ता सही करतो. पण शनिवार राहू द्या."

पैसा किती सहज सुटतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. केयूरभाईंनी खरोखरच सही केली. लेले सरांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आभारी आहे. आता शनिवारचं बोलू."

बरीच घासाघीस झाली. पहिला तास केयूरभाईंना, दुसरा गणिताला, असं शेवटी ठरलं.

"एवढ्यात होईल पोर्शन?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"होईल जेमतेम. मी मध्ये गोष्टी सांगितल्या नाहीत तर," ते खिन्नपणे म्हणाले. गोष्टी सांगणं हा त्यांचा एकुलता एक शौक होता.

शनिवारी पहिला तास संपल्याची घंटा झाली तेव्हा केयूरभाई वाक्याच्या मध्यात होते. दारात लेले सर, काखेत लाकडी गुण्या.

"दोन मिनिटं, सर," केयूरभाई माइकमधून म्हणाले. "महत्त्वाचा पॉइंट आहे."

"नाही," लेले सर म्हणाले.

दहावीचा वर्ग उठला आणि रांग न करताच दाराकडे धावला. त्रिकोणमितीकडे इतक्या आनंदाने निघालेली मुलं मी माझ्या नोकरीत प्रथमच पाहत होतो.