बंद दारासमोर

"तुमचा भाऊ कुठाय?" वकीलबाईंनी कानाशी येऊन विचारलं.

कुठं असणार! कोर्टाच्या खोलीबाहेर, दाराला लागून जो बाक आहे, त्याच्यावर मीच तर त्याला बसवून आले होते. मला साक्षीसाठी आधीच आत बोलावलं होतं. जाता जाता बजावून गेले, "नाव पुकारलं की आत यायचं. माझी वाट बघू नकोस. कळलं?" नंदीबैलासारखी मान हलवली होती त्यानं. शिपायानं माइकवरून नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, आणि याचा पत्ताच नाही.

आधी प्रकरण काय ते सांगते. माझा धाकटा भाऊ तरुणपणी दुकानं फोडायचा. उगाच गुळमुळीत बोलून काय करू, फोडायचाच. एकदा आत गेला, सुटला, परत त्याच टोळक्यात शिरला आणि परत आत. तेव्हा मी त्याला अशा शिव्या घातल्यात की आता आठवल्या तरी माझी मलाच लाज वाटते. पण दुसऱ्यांदा सुटून आला तो गप्प, कामाला जुंपलेला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींनी त्याला हाताखाली घेतलं. इतकी वर्षं झाली, कुणाकडून तक्रारीचा एक शब्द नाही. तरीही इमारतींच्या किल्ल्या त्याच्या हातात देता येत नाहीत, कारण पोलिसांच्या दप्तरात नाव आहे. किल्ली मिस्त्रींनी लावायची, मगच यानं आत शिरायचं. आता मिस्त्रींचे गुडघे गेले. त्यांनी सरळ सांगितलं, "तुझी नोंद पुसली गेली तर माझं काम तू सांभाळ. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

म्हणून हा अर्ज. वकीलबाई म्हणाल्या होत्या, बाकी सगळं चोख आहे, फक्त वेळेवर हजर राहा. या न्यायाधीशबाई गैरहजर माणसाचा अर्ज तिथल्या तिथे फेटाळतात.

"अर्जदार आलेले दिसत नाहीत," न्यायाधीशबाई चष्मा काढत म्हणाल्या. "पुढचं प्रकरण घ्या."

आणि मग माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. मी दाराकडे पाहिलं. मी आत आले तेव्हा ते उघडं होतं. आता कुणीतरी लावून घेतलं होतं.

अरे देवा!

तो दुसऱ्यांदा सुटून आला ना, तेव्हा पहिल्या रात्री नीट झोप लागावी म्हणून मी त्याच्या खोलीचं दार ओढून घेतलं होतं. सकाळ उलटली, जेवणाची वेळ झाली, तरी हा बाहेर येईना. मी तणतणत गेले. "राजेसाहेब, पालखी पाठवू का?" म्हणत दार ढकललं, तर समोरच उभा. अंघोळ नाही, चहा नाही. हात पाठीमागे, दारापासून एक पाऊल मागे. म्हणाला, "दार बंद होतं, ताई." तुरुंगात दाराला आपण हात लावायचा नसतो. मागे सरून उभं राहायचं, उघडणारा उघडेल तेव्हा निघायचं. आधी मला हसू फुटलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मी ढसाढसा रडले.

त्या दिवसापासून आमच्या घरात दारं लागत नाहीत. एकाला जुनी इस्त्री टेकवलीय, दुसऱ्याला शिलाई मशीनचा मोडका पाय. शेजारीण एकदा म्हणाली, "चोराच्या घराची दारं बरी सताड उघडी!" तिला मी असं काही सुनावलं की महिनाभर ती जिन्यात तोंड फिरवून जायची. बाहेर कुठं गेलो तरी दार मीच पुढे होऊन उघडते. लिफ्टचं काम त्याला मानवलं यात नवल नाही, तिथली दारं आपोआप उघडतात.

मी उठले. वकीलबाईंनी माझा पदर ओढला, मी तो सोडवून घेतला.

"मॅडम, तो आलाय! दाराबाहेर उभा आहे."

"मग आत का येत नाहीत?"

"दार बंद आहे म्हणून," मी म्हणाले. कुणीतरी खुदकन हसलं. मी त्या दिशेला असे डोळे वटारले की हसू जागच्या जागी थिजलं. "तुरुंगात त्याला हेच शिकवलं, मॅडम. चांगल्या वागणुकीचा शेरा मिळाला होता त्याला. तो अजून तसाच वागतोय!"

न्यायाधीशबाईंनी पुढचं नाव पुकारणाऱ्या शिपायाला हातानं थांबवलं आणि मला म्हणाल्या, "जा, बघा."

दाराला काचेची एक पट्टी होती. पलीकडे तो होता. हात पाठीमागे, एक पाऊल मागे, घामानं डबडबलेला. माझा हात सवयीनं दाराच्या मुठीवर गेला. वाटलं, उघडावं आणि कान धरून आत ओढावं. मग वाटलं, उद्या किल्ल्या मिळतील, तेव्हा मी कुठंकुठं पुरणार आहे?

मी मूठ सोडली. हात पाठीमागे घेतले आणि एक पाऊल मागे सरले. त्याच्यासारखीच उभी राहिले.

त्यानं मान हलवली. नको. मीही हलवली. मी नाही उघडणार. त्याचे ओठ हलले, "ताई." माझं काळीज तुटत होतं, पण मी ढिम्म हलले नाही. मेल्या, उघड ना!

मूठ फिरली. अर्धवट फिरून थांबली, आणि मग पूर्ण फिरली.

"उशीर झाला, मॅडम," तो आत येऊन म्हणाला. "दार बंद होतं."

न्यायाधीशबाईंनी चष्मा पुन्हा चढवला आणि अर्ज पुढे ओढला. माझ्या साक्षीची त्यांना गरजच पडली नाही. "नोंद पुसून टाकण्याचा आदेश देते," त्या म्हणाल्या. "या माणसाला आणखी किती बाहेर उभं करायचं?"

वकीलबाईंनी माझा हात घट्ट दाबला. तो मात्र कुणी जा म्हणेल म्हणून तिथंच उभा. मी खांद्यावर थाप मारली तेव्हा कुठं वळला.

निघताना दार पुन्हा लागलेलं होतं. माझा हात आपसूक पुढे गेला.

"थांब, ताई," तो म्हणाला. त्यानं दार उघडलं आणि माझ्यासाठी धरून ठेवलं. "हो पुढे."

मी पुढे झाले. डोळे पुसताना त्यानं बघू नये म्हणून शर्टाच्या चुरगळलेल्या कॉलरवरून त्याला झापत झापतच जिना उतरले.