खंडेनवमीला पुसलेलं कार्ड

खंडेनवमीला कारखान्यातली यंत्रं धुऊन-पुसून पूजेला मांडायची, हे काम ज्योतीरामचं. तसं कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण वीस वर्षं तोच करत आला होता. उदगीरकडून आलेला हा फिटर साठी उलटली तरी चाकणच्या त्या शेडमध्ये टिकून होता, तो मालक दादासाहेबांच्या मर्जीवर. यंत्र आतून साफ केल्याशिवाय त्याला कुंकू लावायचं नाही, हा त्याचा नेम.

यंदा पहिल्यांदाच त्यानं हॉर्न तपासायचा कॉम्प्युटरही उघडला. डबा अठरा वर्षं जुना. शेडमध्ये गाड्यांचे हॉर्न बनत. प्रत्येक हॉर्न माइकपुढं वाजवायचा, आतलं साउंड कार्ड तो आवाज कॉम्प्युटरला पोचवायचं, आणि मोजणी बरोबर आली तरच माल बाहेर पडायचा. मोजणीचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालत नव्हता, म्हणून हा डबा कुणी बदलला नव्हता.

आत कापसासारखी धूळ साठली होती. ज्योतीरामनं कंप्रेसरची हवा मारली, साउंड कार्ड उपसून फडक्यानं पुसलं आणि परत बसवायला घेतलं. कार्डं बसवायच्या पांढऱ्या खाचा तीन, तिन्ही एका मापाच्या. पहिलीत दुसरंच, नेटची वायर लावलेलं कार्ड होतं. उरलेल्या दोनपैकी हे कुठून निघालं ते काही त्याला आठवेना. मधल्या खाचेत ते खट्‌कन बसलं. जन्मभर त्यानं बोल्ट बसवले होते. आटे जुळले की झालं काम. डब्याला हळद-कुंकू लावून त्यानं वर झेंडूची माळ घातली.

दसरा उलटला. वर्षालीनं पहिला हॉर्न लावला आणि कॉम्प्युटर जागच्या जागी थिजला. पडद्यावरचा बाण हलेना, कोपऱ्यातलं घड्याळ सरकेना. बंद करून चालू केला, तरी हॉर्न वाजला की पुन्हा तेच. वर्षाली थेरगावची. तपासणीच्या टेबलावर दीड वर्ष होती, तेही कंत्राटावर, आणि ते कंत्राट महिनाअखेर संपायचं होतं. दादासाहेबांनी विचारलं, कॉम्प्युटरला काय लावलं होतं? तिनं खरं ते सांगितलं, की सुटीआधी एकदा मोबाइल लावला होता, चार्जिंगला. तेवढ्यावर निकाल लागला. गाणी भरली असणार, त्यातनं व्हायरस शिरला असणार. महिना भरला की पोरीनं दुसरीकडं काम बघावं, असं दादासाहेब सगळ्यांदेखत बोलून गेले.

पहिल्या दिवशी ज्योतीरामच्या डोक्यात काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं. डबा तर आपणही उघडला होता. मग तो स्वतःला समजावू लागला, की मोबाइलचं कारणही खोटं कशावरून? ह्या वयात आपल्याला दुसरीकडं कोण उभं करणार, हा विचारही त्याच्या मनात होता. तो गप्प राहिला.

चौथ्या दिवशी निगडीहून सुजित आला. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात त्याचा हात बसलेला. त्यानं आधी व्हायरस शोधला, सापडला नाही. साउंड कार्डाचा ड्रायव्हर काढून नव्यानं घातला, तरी हॉर्न वाजताच पडदा थिजला. मग बोर्डावर मुळातच असलेलं, कार्डाशिवायचं साउंड बंद केलं. तीन हॉर्न नीट गेले, चौथ्याला पुन्हा अडकला. तेव्हा त्यानं पडद्यावर कुठलं कार्ड कुठल्या नंबरावर आहे त्याची यादी उघडली, ती खालपर्यंत वाचली आणि दादासाहेबांना बोलावलं.

"साउंडचं कार्ड आणि नेटचं कार्ड, दोन्ही एकाच नंबरावरून हाका मारतायत," तो म्हणाला. "हाक कुणाची ते ह्याला कळत नाही. मग बसतो गप्प."

"आन् हे मोबाइलनं झालं?"

"मोबाइलनं नंबर बदलत नाही, साहेब. कार्डाची खाच बदलली की बदलतो. इतकी वर्षं बिनतक्रार चाललं, म्हणजे कार्ड आधी ह्या शेवटच्या खाचेत असणार. कुणी हलवलं?"

दादासाहेबांनी वर्षालीकडं पाहिलं. तिनं डबा कधी उघडला नसल्याचं सांगितलं.

"मग पाय फुटले का कार्डाला?" दादासाहेब म्हणाले.

ज्योतीराम यंत्रामागून पुढं आला. "म्या काढलं होतं, मालक. खंडेनवमीला. पुसलं आणि मधल्या खाचेत बसवलं."

"तुला कुणी सांगितलं हुतं त्यात हात घालायला?"

"कुणी न्हाई."

दादासाहेबांनी सुजितला काम पुढं चालवायला सांगितलं. सुजितनं कार्ड शेवटच्या खाचेत बसवून स्क्रू आवळला. वर्षालीनं हॉर्नमागून हॉर्न वाजवले. चाळीस झाले, पन्नास झाले, कॉम्प्युटर अडला नाही. जाता जाता दादासाहेबांनी तिला सांगितलं, की कंत्राटाचा कागद पुन्हा होईल. ज्योतीरामलाही त्यांनी काढलं नाही.

शेड रिकामी व्हायला लागल्यावर ज्योतीराम तिच्या टेबलाशी गेला. म्हणाला, "पोरी, राहिलं की तुझं काम."

"तुम्हाला कधी कळलं, काका?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. सुजितच्या तोंडून ऐकलं तेव्हा, असंही म्हणता आलं असतं.

"दुसऱ्या दिवशी," तो म्हणाला.

"मग तीन दिवस तुम्ही माझ्यासमोरून ये-जा करत होतात."

त्यानं मान हलवली. तिनं उरलेले हॉर्न खोक्यात भरायला घेतले. त्यानंतर ती त्याच्याशी वाईट वागली नाही, पण त्याला काका म्हणणं तिनं सोडलं. काही काम निघालं तर दुसऱ्या कुणाकरवी निरोप द्यायची.