निवडुंगाला पाणी

बागेत पाहुणे येणार म्हणून बागप्रमुखांनी आम्हा इंटर्न मुलींना निवडुंगांवर पाईप धरायला लावला. म्हणे, पाण्याने ते टवटवीत दिसतात!

"सर, मुळं कुजतील," मी म्हटलं.

"तू इथे शिकायला आलीस, शिकवायला नाही," ते खेकसले. मी मुकाट्याने पाणी घातलं.

महिन्याभरात काचघरातला सगळ्यात जुना निवडुंग बुडातून कुजून आडवा झाला. साहेबांनी ऑफिसात सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं. "या पोरींना काडीची अक्कल नाही. किती पाणी घालायचं तेही कळत नाही!"

माझं डोकंच फिरलं. मी तडक काचघरात गेले, तो सडका, गळणारा बुंधा उचलून आणला आणि त्यांच्या टेबलावर आदळला.

"शिकले, सर," मी म्हटलं. "अजून पाणी घालू का?"