बरणीतला ऑर्विल

क्लीटने बरणीचं झाकण उचललं, आतून तांबूस वाफ निघाली आणि आमच्या नेमबाज क्लबातली सगळी माणसं गुडघ्यांवर आली. वाफ विरळच होती, पण बरणीच्या गळ्याशी घुटमळताना सगळ्यांना दिसत होती.

"हा ऑर्विलचा श्वास," ब्रदर क्लीट म्हणाला. "धूर म्हणाल तर आग कुठेय? दिसतेय कुणाला? मग आत कोण आहे, तुम्हीच सांगा. जवळ येऊ नका, अंतर राखा."

आम्ही अंतर राखलं. ऑर्विलची विधवा लोरेन तेवढी पुढच्या खुर्चीत ओठ मिटून बसली होती.

मोंटानातल्या आमच्या गावात काडतुसं घरीच भरतात. रिकामी पितळी नळी साफ करायची, बंदुकीची पावडर तोलून घालायची, वर गोळी बसवायची. अशी काडतुसं भरणारा एखादा माणूस वारला, की त्याच्या पावडरच्या शेवटच्या डब्यातून प्रत्येक सोबती एकेक काडतूस भरतो आणि शिकारीचा मोसम सुरू होईल त्या सकाळी टेकडीवरून आकाशात झाडतो. तोवर डबा तळघरात थंड फळीवर राहतो.

ऑर्विलचा डबा मात्र तिथे राहिला नाही. गावात नुकताच आलेला धर्मोपदेशक क्लीट म्हणाला, एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला तळघरात कोंडता? आम्हाला ते लागलं. मग आम्ही पावडर सगळ्यांना दिसावी म्हणून काचेच्या बरणीत ओतली आणि क्लबातल्या शेगडीवरच्या फळीवर मांडली. पावडर मूळ डब्यातून हलवायची नाही, उष्णतेजवळ तर न्यायचीच नाही, हे आम्ही पोरांना दरडावून शिकवतो. त्या दिवशी आदराच्या भरात आमचीच अक्कल गहाण पडली.

हिवाळाभर शेगडी पेटती राहिली. बर्फ वितळायच्या सुमारास वाफ दिसू लागली, बरणी हाताला कोमट लागू लागली आणि क्लीटचं फावलं. ऑर्विलच्या इच्छा त्याला परस्पर कळू लागल्या. ऑर्विलला चेरी भरलेला केक हवा असे, तो क्लीट खाई. ऑर्विलला आपली रायफल क्लीटच्या भिंतीवर बघायची होती, तीही तिकडे गेली. जिवंतपणी घुम्म्यासारखा बसणारा माणूस मेल्यावर असा बोलका कसा झाला, हे कुणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी नवी इच्छा निघाली. बरणी लोरेनच्या पलंगाशी, हीटरला लागून ठेवायची.

"त्याला तुझ्याशेजारी निजायचंय, लोरेन," क्लीट म्हणाला.

ती बरणी घ्यायला उठली, एवढ्यात शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या हॉगन बाई आत आल्या. हातात एक गंजलेला डबा होता. तो माझ्या शेजारी बसलेल्या वेंडेलचा. त्याच्या पिकअप ट्रकच्या पेटीत कितीतरी उन्हाळे तो विसरून पडला होता. बाईंनी दार उघडंच ठेवलं आणि झाकण काढलं. तीच तांबूस वाफ वर आली आणि तिच्याबरोबर नाकाला झोंबणारा आंबट वास.

"ब्रदर क्लीट, हा कुणाचा श्वास?" बाईंनी विचारलं. "वेंडेल तर इथे बसलाय."

"काही आत्मे आधीच वाट शोधतात," क्लीट म्हणाला.

"माझा नाही शोधत," वेंडेल म्हणाला. "मी आत्ताच जेवून आलोय."

एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी कुणाला हसू आलं नाही.

बाईंनी मग सरळ शब्दांत सांगितलं. ही पावडर हळूहळू कुजतच असते आणि कुजताना तिच्यातून आम्ल सुटतं. ते शोषून घेणारं रसायन कारखान्यातच तिच्यात घातलेलं असतं. थंड, कोरड्या जागी ते वर्षानुवर्षं पुरतं, उष्णतेत भराभर संपतं. ते संपलं की तांबडी वाफ, आंबट वास, डब्याला गंज. मग पावडर आतून तापते आणि काडी न लावताही पेटू शकते.

"हीटरजवळ तर लवकरच पेटली असती," त्या म्हणाल्या. "तू झोपेत असताना, लोरेन."

आम्ही माना खाली घातल्या. डबा उघडला की आधी वास घेणारी माणसं आम्ही. पण त्या बरणीपुढे एकानेही नाक पुढे केलं नव्हतं.

"मला वास पहिल्याच दिवशी आला होता," लोरेन हळूच म्हणाली. "आयुष्यभर त्याच्या शेजारी बसून काडतुसं भरलीत मी. मला कळणार नाही? पण कळलं म्हटलं असतं, तर तो परत मेला असता."

तिचा चेहरा लाजेने लाल झाला होता. खरं तर ती लाज आमच्या वाट्याची होती.

बरणी पाण्याच्या बादलीत बुडवून बाहेर नेली. रायफल आम्हीच क्लीटच्या भिंतीवरून काढून आणली. बिघडलेली पावडर ऑर्विल स्वतः दरसाल गवतावर पातळ पसरायचा, खत म्हणून. लोरेननेही तेच केलं. त्या मोसमात टेकडीवर आम्ही प्रत्येकाने आपापल्या डब्यातलं काडतूस झाडलं.

तुमच्यासमोर चमत्कार आला, तर गुडघे टेकण्याआधी जवळ जा, वास घ्या, प्रश्न विचारा. विचारल्याने खरं काही विटत नाही. आणि मागे एकटं राहिलेल्या माणसाच्या घरी जाऊन बसा. त्या हिवाळ्यात आम्ही दर रविवारी बरणीकडे गेलो. लोरेनच्या घरी एकदाही गेलो नव्हतो.