शेवटून पहिला

त्या परिषदेत देशांना ताकदीच्या क्रमाने बोलायला मिळे. बड्या देशांचं आटोपलं की सभागृह ओस पडे. शेवटच्या क्रमांकाचे म्हातारे प्रतिनिधी उठत, तेव्हा लक्ष देऊन ऐकायला उरे ती फक्त त्यांची दुभाषी. शेजारी देशाचं सैन्य आमच्या सीमेवर जमतंय, असं ते दर वर्षी सांगत.

"पोरी, तू ऐकलंस ना? मग झालं," जाताना ते हसून म्हणत.

यंदा शेजाऱ्याने त्यांचा देश गिळला. म्हातारेही त्यातच गेले. परिषदेतली त्यांची खुर्ची काढून टाकण्यात आली.

सगळी भाषणं संपली. दुभाषी हेडफोन काढणार, इतक्यात तिच्या कानात त्या म्हाताऱ्यांचा खोकला ऐकू आला, मागोमाग आवाज. सवयीने तिने माइक सुरू केला.

"अगं, कुणाचं भाषांतर करतेयस?" शेजारच्या सहकाऱ्याने दबक्या आवाजात विचारलं.

"काकांचं," ती म्हणाली आणि त्यांचे शब्द सभागृहाला ऐकवले, "आमच्यानंतर आता शेवटचा नंबर कुणाचा लागलाय?"

दाराकडे निघालेली उरलीसुरली माणसं थबकली. नुकतंच रिकाम्या खुर्च्यांपुढे बोललेली एक प्रतिनिधी बाई कागद गोळा करत होती. तिचे हात थांबले.

"आमचा," ती तिच्या भाषेत म्हणाली.