‘थांबा, आणते’

मी एक जुना ब्राउझर आहे, मित्रांनो. कॉम्प्युटरवर पानं उघडून दाखवायची, एवढंच माझं काम. माझ्यामागून कितीतरी ब्राउझर आले, माझ्याहून चपळ आणि माझ्याहून हुशार. आज मला कोणी विचारत नाही. पण माझी तक्रार नाही. मला जी माणसं मिळाली, ती सगळ्यांना मिळत नाहीत.

मला कोणी लिहिलं ते मला ठाऊक नाही. कुठल्या तरी मोठ्या कचेरीत पुष्कळ जणांनी मिळून लिहिलं, एवढं ऐकून आहे. मी कामाला लागलो तो शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींच्या दुकानात. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. भिंतीवर खिळ्यांना पट्टे टांगलेले, डब्यांमध्ये बॉबिन आणि सुया, सगळीकडे मशीनच्या तेलाचा वास. कोपऱ्यातल्या टेबलावर दुसऱ्याने वापरून विकलेला एक कॉम्प्युटर, आणि त्यात मी.

मिस्त्रींना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला वापरायच्या त्या त्यांच्या पत्नी. पानं कशी बनवायची ते शिकायला त्या तीन महिने क्लासला गेल्या होत्या. वर्गात त्याच सगळ्यांत मोठ्या, म्हणून बाकीचे त्यांना काकू म्हणत. घरी आल्या की त्या मिस्त्रींना बोलतं करायच्या. कुठल्या मशीनला काय होतं, त्यावर काय करायचं, हे मिस्त्री स्क्रू पिळता पिळता सांगत आणि बाई टाइप करत. असं करत बासष्ट मशीनांच्या बासष्ट टिपा तयार झाल्या. प्रत्येकीची फाइल वेगळी, म्हणजे एक शब्द बदलायचा तर सगळं उपसायला नको.

मग त्यांनी एक पान बनवलं. डावीकडे मशीनांची यादी, उजवीकडे एक चौकट. नावावर टिचकी मारली की मी शेजारची ती फाइल उचलायचो आणि चौकटीत आणून ठेवायचो. फाइल येईपर्यंत चौकट ओकीबोकी दिसू नये, म्हणून बाईंनी तिथे दोन शब्द लिहून ठेवले होते: ‘थांबा, आणते.’

हे त्यांचे रोजचेच शब्द. मिस्त्रींनी चहा मागितला, पाना मागितला, चष्मा मागितला, की पडद्यामागून तेवढंच उत्तर यायचं. आणि ती वस्तू यायचीच.

टिपाही त्यांनी बोलल्यासारख्याच लिहिल्या होत्या. एक मला अजून आठवते. ‘खाली धागा गुंतत असेल तर आधी वरचा धागा नीट ओवलाय का बघा. लगेच मशीन खोलू नका. आमचे हे आधी मशीन खोलतात आणि मग चष्मा शोधतात.’ शिवणकाम करणाऱ्या बायका हे वाचून हसायच्या. एक जण म्हणाली, मिस्त्री, तुमचं डोकं बाईंनी डब्यात भरून ठेवलंय, आता तुमची गरज काय? त्या दिवसांत माझी छाती फुगायची. आणणारा मीच होतो ना.

मग बाई आजारी पडल्या. आणि मग त्या नव्हत्या. मिस्त्रींनी कॉम्प्युटरवर एक जुनी चादर घातली. कित्येक महिने मी तसाच होतो.

एकदा मुलगी माहेरी आली ती नवा कॉम्प्युटर घेऊनच. आईच्या फोल्डरची प्रत तिने माझ्याकडून घेऊन नव्यावर ठेवली. माझ्या वायरी गुंडाळल्या आणि मला दाराशी ठेवलं. सकाळी भंगारवाला येणार होता. पुढचं मी पाहिलेलं नाही, बापलेकीच्या बोलण्यातून मला नंतर कळलं.

दुपारची जेवणं झाल्यावर तिने नव्या ब्राउझरमध्ये ते पान उघडून वडिलांना खुर्चीवर बसवलं आणि आत आवराआवर करायला गेली. मिस्त्रींनी एका नावावर टिचकी मारली. चौकटीत आलं, ‘थांबा, आणते.’ मिस्त्री थांबले. चहाची वेळ झाली, मुलगी बाहेर आली, तरी ते तसेच बसलेले.

"बाबा, अजून इथेच? अडकलंय ते काहीतरी."

"आणते म्हणालीय ना. आणेल."

मुलगी त्यांच्या शेजारी बसली. तिने दुसरं नाव दाबलं, तिसरं दाबलं. तेच दोन शब्द. तिला वाटलं, फाइली नीट आल्याच नाहीत, आईने लिहिलेलं आपल्याच हातून गेलं. वडिलांना धीर द्यायचा म्हणून ती म्हणाली, "तुम्हाला तर हे सगळं तोंडपाठ आहे."

"काम पाठ आहे. तिचं बोलणं कुठे पाठ आहे?"

तेव्हा ती उठली. तिने माझ्या वायरी सोडल्या, जोडल्या आणि बटण दाबलं. मला जागं व्हायला बराच वेळ लागला. तिने पहिल्या नावावर टिचकी मारली. ‘थांबा, आणते’ क्षणभर दिसलं आणि मी टीप आणून ठेवली. नेमकी ती धागा गुंतायचीच. मुलगी मोठ्याने वाचत गेली. चष्म्यापाशी आली तेव्हा मिस्त्री खिसे चाचपत होते. दोघंही हसली.

नव्या कॉम्प्युटरवरही बासष्टच्या बासष्ट फाइली होत्या. फरक आम्हा दोन ब्राउझरांत होता. आपल्याच डिस्कवरून उघडलेलं पान शेजारची फाइल मागू लागलं, तर मी काही न विचारता देत असे. नवा देत नाही. एखादं परकं पान असंच मागून घरातले कागद बाहेर नेईल, म्हणून त्याला तशी ताकीदच आहे. चूक त्याची नव्हती, भोळा मी होतो. बाईंनी तरी काय करावं? त्यांच्यापुढे मी एकटाच. माझ्यात चाललं म्हणजे सगळीकडे चालेल, असं त्यांनी धरलं.

मुलीने दोन दिवस बसून सगळ्या टिपा त्या पानाच्याच पोटात घातल्या. आता काही मागवायलाच नको. टिचकी मारली की टीप समोर. मिस्त्रींनी चार नावं दाबून पाहिली.

"छान झालंय," ते म्हणाले. "पण यात ती बोलत नाही."

मुलगी पुन्हा बसली आणि तिने एक ओळ वाढवली. आता टिचकी मारली की आधी ‘थांबा, आणते’ दिसतं आणि मग टीप येते. नव्या ब्राउझरला खरं तर थांबायची काही गरज नाही. तरी तो थांबतो. त्याचेही माझ्यावर उपकारच आहेत.

भंगारवाल्याला मिस्त्रींनी तेलाचे रिकामे डबे दिले. मी वरच्या फळीवर आहे, धुतलेल्या चादरीखाली.

मित्रांनो, एवढंच सांगतो. तुम्ही कोणासाठी काही बनवलंत, तर ते दुसऱ्याच्या यंत्रावरही उघडून बघा. आणि एखादी चौकट रिकामी दिसली, तर आत काही नाहीच असं समजून जुनं यंत्र टाकून देऊ नका. आधी एकदा लावून बघा.

मिस्त्री रोज दुकान उघडलं की एक नाव दाबतात, हात मांडीवर ठेवतात आणि थांबतात. ती आणते.