शादलियाचे हात

माझी थोरली, शादलिया, आता स्वतः आजी झाली आहे. मला मात्र ती अजून सव्वीस दिवसांचीच दिसते, खांद्यापासून टाचेपर्यंत पांढऱ्या पट्ट्यात गुंडाळलेली.

आमच्या महदिया गावात तेव्हा सगळीच बाळं अशी बांधत. सकाळी ऑलिव्हच्या तेलाने चोळायचं, मग दोन्ही हात अंगालगत सरळ धरून लांबलचक पट्टा. हाडं सरळ वाढतात, बाळ दचकत नाही. माझी सासू मन्नूबिया इतकं सुरेख बांधायची की गल्लीतल्या बायका आपली बाळं तिच्याकडे घेऊन येत.

शादलिया फार शांत, असं सगळे म्हणत. शांत, शांत, आणि मग एकदम किंचाळायची. "रडली, आता पाज," म्हणत सासू तिला माझ्या मांडीवर ठेवायची. रडल्याशिवाय पाजायचं नाही हा घरचा नियम. पण तोवर ती इतकी चिडलेली असे, की तोंडात धरायची, सोडायची, मान फिरवायची आणि दमून झोपून जायची. चौथ्या आठवड्यात तिच्या मांड्यांची कातडी लोंबायला लागली.

"दुधाला दृष्ट लागली हिच्या," सासू म्हणाली. "उद्या तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर पोरीला हल्लूमाच्या अंगावर पाजू."

हल्लूमा माझी मोठी जाऊ. तिचा मुलगा चार महिन्यांचा होता. ती रडवेली झाली. "उम्मी, एकदा पाजलं की दोघं दूधभावंडं झाली, मग त्यांचं लग्न लागत नाही. मी तर हिला सून म्हणून धरून बसलेय!"

"आधी जगू तर दे तुझ्या सुनेला!"

मी एकोणीस वर्षांची. बाळंतपणाचे चाळीस दिवस सरले नव्हते, उंबरा ओलांडायची सोय नव्हती. लग्नाचं मला काही नव्हतं. एवढंच कळत होतं, की हल्लूमाच्या भरल्या छातीला लागलेली पोर माझ्याकडे परत यायची नाही. माझं दूध आटून जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूने अंगणातल्या उन्हात, मेंढीच्या कातड्यावर तिला तेल लावलं. पट्टा हातात घेतला, तोच दारात ऑलिव्ह लादलेली गाढवं आली. "तू बांधू नकोस, तुला जमत नाही. आलेच मी," म्हणत ती पोती उतरवून घ्यायला गेली.

मी बघत बसले. शादलियाने डोळे उघडले. ओठ मिटक्या मारल्यासारखे हलले, जिभेचं टोक बाहेर आलं. मग मूठ वर आली. पहिल्यांदा नाकावर आपटली, मग गालावर, शेवटी तोंडात गेली. ती मूठच चोखायला लागली. मी गालाला बोट लावलं, तर तोंड उघडून बोटाकडे वळली. आणि एवढं सगळं होईतो हूं की चूं नाही.

मी तिला उचललं. तिने पहिल्याच झटक्यात धरलं. पिताना मूठ घट्ट होती, ती हळूहळू सैल पडली, आणि शेवटी पाचही बोटं माझ्या छातीवर पसरली.

सासू आली. "रडली का?"

"नाही."

"मग पाजलंस कशाला?"

"तिनं मागितलं."

"मागितलं? काय म्हणाली? सलाम आलेकुम आई, वाढ मला जेवायला?"

"उम्मी, हातानं मागितलं. दुपारी तुम्हीच बघा. तोवर बांधू नका."

ती भडकणारच होती. पण तिचं लक्ष पोरीकडे गेलं. ओठाच्या कोपऱ्यात दूध, आणि झोपेत हुंदका नाही. तिने पट्टा खांद्यावर टाकला.

दुपारच्या नमाजानंतर आम्ही दोघी बाळाच्या दोन बाजूंना बसलो. ओठ हलले. "फरिश्ते खेळवतायत," सासू म्हणाली. जीभ बाहेर आली. सासू पुढे वाकली. मूठ तोंडात गेली, तशी तिने स्वतःच तिला उचलून माझ्याकडे दिलं. "घे, घे, उशीर करू नकोस."

असरनंतर हल्लूमा नाहून-धुऊन आली. "ही तर झोपलीये!"

"पोट भरलंय तिचं. हात बघ कसे सैल पडलेत," सासू म्हणाली, जणू जन्मभर हेच सांगत आली होती. "जा घरी. तुझं पोरगं रडत असेल."

हल्लूमाने माझ्या डोक्याचे तीनदा मुके घेतले आणि पळाली.

संध्याकाळी सासूने पट्टा काढला. या वेळी काखेखालून बांधायला घेतला.

"माझा पोरगा मन्सूर," ती मान वर न करता म्हणाली, "माझं दूध घेईना, म्हणून जावेकडे दिला. दोन वर्षं तिलाच आई म्हणायचा. हात बांधलेलेच होते त्याचे. मीच बांधायची."

तिने गाठ मारली. बोट घालून पाहिलं, सोडली, आणि थोडी सैल करून पुन्हा मारली.